फाइलसिस्टिमच्या तारखांची सीमा: डिस्क कशी तपासावी, कशी बदलावी आणि बदल टिकला हे कसे पाहावे

सर्व्हर ६४ बिटांचा आहे आणि कर्नल नवा आहे, म्हणून २०३८चा प्रश्न आपल्याकडे उरलेला नाही, असे उत्तर मला अजूनही वारंवार ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. २०३८चा प्रश्न असा: १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजले, तर मोजणी जानेवारी २०३८मध्ये संपते आणि त्यापुढची तारीख लिहिता येत नाही. फाइलची तारीख किती बिटांत लिहायची हे डिस्क फॉरमॅट केली त्या दिवशी ठरते. प्रोसेसर बदलला, वितरणाची आवृत्ती तीनदा वर चढवली, तरी डिस्कवरचा आराखडा, म्हणजे फाइलसिस्टिम, पहिल्या दिवसाचाच राहतो. शिवाय सीमा ओलांडली गेली की बहुतेक वेळा एररही येत नाही. तारीख सीमेवर आणून ठेवली जाते आणि काम यशस्वी झाल्याचे कळवले जाते. म्हणून ही तपासणी ठरलेल्या क्रमाने करावी लागते, आणि बहुतेक चुका हा क्रम मोडल्यामुळेच होतात.

हा लेख मुख्यतः लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. कमांड आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करावेत आणि डिस्कला हात लावणारा प्रत्येक पर्याय आपल्या यंत्रावरील मॅन पानाशी आधी ताडून पाहावा.

## काम सुरू करण्यापूर्वी

तीन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली, ज्या डिस्कचे काम आहे तिचा परत आणून पाहिलेला बॅकअप. नुसता घेतलेला बॅकअप पुरत नाही. दुसरी, यंत्रावरील कर्नलइतकाच किंवा त्याहून नवा कर्नल असलेला रेस्क्यू पेनड्राइव्ह. तिसरी गोष्ट साधी आहे, पण तीच सर्वात जास्त विसरली जाते: तारखा नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वाचण्याची सवय. टर्मिनल उघडताच टीझेड हे कालक्षेत्र ठरवणारे चल यूटीसीवर ठेवावे.

याचे कारण आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. ३२ बिटांची वरची सीमा १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीप्रमाणे ०३:१४:०७ला, म्हणजे भारतीय वेळेनुसार मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येते. इथे साडेपाच तास मिळवले की हिशेब जुळतो. खालची सीमा १३ डिसेंबर १९०१, २०:४५:५२ यूटीसी ही आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवून २ वाजून १५ मिनिटे ५२ सेकंद ही वेळ शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. एशिया-कोलकाता या कालक्षेत्राच्या तक्त्यात १९०६पूर्वी मद्रास वेळ, म्हणजे ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांचा फरक धरलेला आहे. त्यामुळे फाइलच्या तारखा दाखवणारी स्टॅट कमांड १४ डिसेंबर १९०१, ०२:०७:०२ असे दाखवते. सुमारे नऊ मिनिटांचा हा फरक डिस्कचा दोष समजून दोन दिवस शोधाशोध करणारे मी पाहिले आहेत.

## टप्पा १: कुठे काय आहे याची यादी

प्रथम एलएसबीएलके मायनस एफ किंवा फाइंडएमएनटी चालवून प्रत्येक माउंट, त्याची फाइलसिस्टिम आणि यूयूआयडी (पार्टिशनची ओळख पटवणारा क्रमांक) एका फाइलमध्ये लिहून घ्यावे. मुख्य डेटाची डिस्क सर्वांच्या लक्षात असते. बूट पार्टिशन, ईएफआय पार्टिशन, जुना बॅकअपचा हार्ड डिस्क, एनएफएसने (नेटवर्कवरून) जोडलेली शेअर आणि व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमा मात्र यादीतून निसटतात. माझा अनुभव असा की २०३८वर अडकलेली फाइलसिस्टिम मोठ्या डिस्कवर क्वचित असते आणि बूट पार्टिशनवर पुष्कळदा असते. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात येईल.

यानंतर कर्नलचा लॉग पाहावा. लिनक्स ५.४पासून (नोव्हेंबर २०१९) प्रत्येक फाइलसिस्टिम आपली किमान आणि कमाल वेळ कर्नलला सांगते, आणि कमाल वेळ आजपासून ३० वर्षांच्या आत येत असेल, तर माउंट करताना ‘सपोर्ट्स टाइमस्टॅम्प्स अंटिल’ अशा शब्दांची सूचना लॉगमध्ये उमटते. डीमेसेज किंवा जर्नलसीटीएल मायनस केच्या निकालात हे शब्द शोधावेत.

इशारा: सूचना नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. केवळ वाचनासाठी माउंट केलेल्या फाइलसिस्टिमसाठी ही सूचना येत नाही, ५.४पूर्वीच्या कर्नलमध्ये ती नाहीच. आणि अनेक महिने न थांबलेल्या यंत्रावर डीमेसेजचा बफर केव्हाच भरून वाहिलेला असतो.

## टप्पा २: प्रत्येक फाइलसिस्टिमची खरी सीमा

ईएक्सटी२, ईएक्सटी३, ईएक्सटी४. इथे नावापेक्षा आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलच्या तारखा आणि इतर माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, आकार महत्त्वाचा आहे. आयनोड १२८ बाइटांचा असेल, तर वेळेसाठी ३२ बिटच मिळतात आणि सीमा १९०१ ते २०३८ अशी राहते, मग फाइलसिस्टिमचे नाव ईएक्सटी४ का असेना. आयनोड २५६ बाइटांचा असेल, तर जास्तीच्या जागेत वेळेचे आणखी २ बिट आणि नॅनोसेकंदांचे ३० बिट मावतात. वरची सीमा १० मे २४४६पर्यंत जाते, खालची मात्र १९०१लाच थांबते. ट्यून२एफएस मायनस एलच्या निकालात ‘आयनोड साइझ’ ही ओळ वाचावी.

बूट पार्टिशन वारंवार सापडते ते यामुळे: फॉरमॅट करणारे एमकेई२एफएस हे साधन ५१२ एमबीपेक्षा लहान पार्टिशनसाठी, जागा वाचावी म्हणून, आपण होऊन १२८ बाइटांचा आयनोड निवडत असे. ही निवड ई२एफएसप्रॉग्जच्या (ईएक्सटीच्या साधनांच्या संचाच्या) १.४६.४ आवृत्तीत, २०२१मध्ये बदलली. त्याआधी बनलेले ३०० किंवा ४०० एमबीचे प्रत्येक बूट पार्टिशन संशयित समजून तपासावे.

आणखी एक खाच आहे. आयनोड २५६चा असूनही ती फाइलसिस्टिम जुन्या ईएक्सटी२ ड्रायव्हरने माउंट होत असेल, तर सीमा २०३८च राहते, कारण त्या ड्रायव्हरला जास्तीची जागा वाचता येत नाही. याच कारणाने कर्नलमध्ये तो ड्रायव्हर कालबाह्य ठरवण्यात आला आहे. ईएक्सटी४चा ड्रायव्हर जुनी ईएक्सटी२ डिस्क चालवू शकतो, तेव्हा एफएसटॅबमधील (माउंटची यादी असलेल्या फाइलमधील) प्रकार आणि प्रत्यक्ष वापरात असलेला ड्रायव्हर दोन्ही पाहावेत.

एक्सएफएस. एक्सएफएस इन्फो चालवून ‘बिगटाइम’ (२०३८पुढच्या तारखांची सोय) शोधावे. ० असेल तर सीमा २०३८. १ असेल तर जुलै २४८६. ‘सीआरसी’समोर ० दिसत असेल, तर फॉरमॅट जुना, म्हणजे चौथ्या आवृत्तीचा आहे आणि त्यावर बिगटाइम लावता येत नाही. बिगटाइम ही ओळच दिसत नसेल, तर आपले साधन जुने आहे. त्यावरून डिस्कविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

फॅट आणि एक्सफॅट. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २१०७. वर्षासाठी सात बिट आहेत आणि मोजणी १९८०पासून होते, इतकाच हा हिशेब आहे.

एनटीएफएस १ जानेवारी १६०१पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजते आणि तिची वरची सीमा आपल्या कामाच्या कितीतरी पलीकडे आहे. बीटीआरएफएस आणि झेडएफएस सेकंदांसाठी ६४ बिट वापरतात; त्यांच्यासाठी इथे काही करावे लागत नाही. एचएफएस प्लस म्हणजे मॅकची जुनी डिस्क १९०४पासून ३२ बिटांत मोजते, म्हणून तिची सीमा ६ फेब्रुवारी २०४०, ०६:२८:१५ यूटीसी आहे. एपीएफएसमध्ये ती अडचण नाही.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर किमान तारीख, कमाल तारीख आणि ती कोणत्या कमांडने कळली हे लिहिले आहे का? ‘बहुधा ठीक’ असे लिहिलेली ओळ म्हणजे न तपासलेली ओळ.

## टप्पा ३: सीमेवर किंवा सीमेबाहेर गेलेल्या फाइली शोधणे

२०३८ अजून दूर आहे, मग आज सीमेबाहेरच्या फाइली कुठून येणार, असा प्रश्न साहजिक आहे. त्या येतात. घड्याळाची बॅटरी गेलेली यंत्रे १९७०ची तारीख लावतात, चुकीच्या घड्याळाचा कॅमेरा भलतेच वर्ष लिहितो, आणि काही संस्था जाणूनबुजून जुन्या तारखा लावतात. शेवटचा प्रकार आपल्याकडे खरोखर घडतो. जुनी वृत्तपत्रे किंवा दफ्तरे स्कॅन करताना फाइलची तारीख म्हणून अंकाचीच तारीख लावण्याची कल्पना सोयीची वाटते. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा. ती तारीख टच कमांडने एनटीएफएसवरच्या फाइलला लावली तर टिकते. तीच फाइल ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर आली की तारीख १३ डिसेंबर १९०१ होते. वीस वर्षांचे सगळे अंक एकाच सेकंदावर गोळा होतात आणि तारखेनुसार लावलेला क्रम नाहीसा होतो. अशी तारीख फाइलच्या नावात किंवा सूचीत असावी. फाइलसिस्टिमच्या टाइमस्टॅम्पवर ऐतिहासिक नोंदीचा भार टाकणे मला मुळातच चूक वाटते.

शोध फाइंड कमांडने, न्यूअरएमटी पर्याय वापरून, एका वेळी एकाच फाइलसिस्टिमवर करावा. त्यासाठी एक्सडेव्ह पर्याय विसरू नये. चार शोध पुरेसे आहेत:

१. उद्यापेक्षा नव्या तारखेच्या सर्व फाइली.
२. १ जानेवारी १९८०पूर्वीच्या फाइली. पेनड्राइव्ह आणि झिप यांच्यापुढे त्या अडतील.
३. नेमक्या २१४७४८३६४७ या सेकंदावर असलेल्या फाइली. …६४६पेक्षा नव्या, पण …६४७पेक्षा नव्या नाहीत, अशी जोड अट लावावी. या आकड्यावरची फाइल जवळजवळ नक्कीच सीमेवर आणून ठेवलेली असते.
४. खालच्या टोकाला उणे २१४७४८३६४८ या सेकंदावरच्या फाइली.

तिसऱ्या आणि चौथ्या शोधात सापडलेल्या फाइलींची मूळ तारीख डिस्कवर उरलेली नाही. ती जुन्या बॅकअपमधून, छायाचित्राच्या आतल्या माहितीतून किंवा सूचीतूनच परत मिळू शकते. यादी जपून ठेवावी. फाइलसिस्टिम बदलल्यानंतर त्या तारखा लावायच्या आहेत, आधी नाही.

## टप्पा ४: लूप डिस्कवर तालीम

खऱ्या डिस्कला हात लावण्यापूर्वी ३०० एमबीची एक रिकामी प्रतिमा फाइल तयार करावी, तिच्यावर १२८ बाइटांच्या आयनोडची ईएक्सटी४ बनवावी आणि ती लूपने, म्हणजे फाइललाच डिस्क मानून, माउंट करावी. मग टच मायनस डीने यूटीसीतील या तारखा एकेका फाइलला लावाव्यात: १९०१ची सीमा आणि तिच्या एक सेकंद आधी, ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९, १ जानेवारी १९८०, १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ आणि ०३:१४:०८, ७ फेब्रुवारी २१०६, ०६:२८:१५ आणि ०६:२८:१६. १९६९ची तारीख अशासाठी की ती उणे एक सेकंद आहे, आणि कित्येक प्रोग्राम उणे एक म्हणजे चूक असे समजतात.

इशारा: इथली सर्वात मोठी चूक म्हणजे तारीख लावून लगेच वाचणे आणि समाधान मानणे. ५.४पूर्वीच्या कर्नलवर लावलेली तारीख मेमरीतल्या आयनोडमध्ये पूर्ण राहते आणि स्टॅट २०४० असेच दाखवते. डिस्कवर मात्र खालचे ३२ बिटच गेलेले असतात आणि पुन्हा माउंट केल्यावर तीच फाइल विसाव्या शतकाच्या आरंभाची दिसते. म्हणून क्रम असा ठेवावा: तारीख लावा, सिंक करा, अनमाउंट करा, पुन्हा माउंट करा, मग वाचा.

५.४ आणि पुढच्या कर्नलवर ०३:१४:०८ लावल्यास ०३:१४:०७ दिसेल आणि टच कोणतीही तक्रार करणार नाही. ही गप्प बसण्याची रीत नीट ध्यानात घ्यावी, कारण तिचे परिणाम नंतर भलत्याच ठिकाणी दिसतात. उदाहरणार्थ, फाइलींच्या प्रती जुळवणाऱ्या आरसिंकच्या दृष्टीने स्रोत आणि प्रत यांच्या तारखा कधीच जुळत नाहीत, म्हणून ते प्रत्येक रात्री त्याच फाइली पुन्हा तपासत आणि हलवत बसते. मेक कमांड ‘क्लॉक स्क्यू’ची, म्हणजे घड्याळ चुकल्याची, तक्रार करते. दोष शोधणारा माणूस नेटवर्क आणि घड्याळ तपासतो. डिस्ककडे त्याचे लक्षच जात नाही.

काही जण तालमीसाठी फेकटाइम वापरतात. त्या साधनाची लायब्ररी प्रोग्रामला खोटी वेळ सांगते, कर्नलला नाही. फाइलवर शिक्का कर्नलच्याच घड्याळाचा बसतो, आणि वाचतानाही ही लायब्ररी वेळ बदलून दाखवू शकते. म्हणजे परीक्षा लायब्ररीची होते, डिस्कची होत नाही. चालत्या सर्व्हरचे घड्याळ पुढे नेऊन पाहणे तर कदापि करू नये. प्रमाणपत्रे, क्रॉन, डेटाबेस आणि लॉगिन एकाच वेळी बिघडतात आणि पुढच्या तारखेच्या फाइली मागे राहतात. घड्याळ पुढे नेऊनच पाहायचे असेल, उदाहरणार्थ सीटाइम (आयनोड शेवटचा बदलल्याची वेळ) तपासण्यासाठी, कारण ती टचने बदलता येत नाही, तर नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, स्नॅपशॉट घेऊन, एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारी सेवा) बंद करून पाहावे.

## टप्पा ५: बॅकअपची वाट तारखा सांभाळते का

हा टप्पा रूपांतराच्या आधी येतो, कारण रूपांतराचा मार्ग बहुतेक वेळा बॅकअप घेऊन पुन्हा फॉरमॅट करण्याचा असतो, आणि तारखा त्या वाटेवरच हरवत असतील तर नवी फाइलसिस्टिम काही कामाची नाही.

झिप या कामासाठी वापरू नये. तिच्या मूळ नोंदीत १९८० ते २१०७ अशी वर्षे, दोन सेकंदांची पायरी आणि स्थानिक वेळ असते; युनिक्सची वेळ ठेवणारा नेहमीचा जोडविभाग ३२ बिटांचा आहे. १९७०ची तारीख असलेली फाइल पायथनच्या झिप मॉड्यूलला दिली की ते सरळ चूक दाखवून थांबते, आणि मला ते थांबणे गुपचूप बदल करण्यापेक्षा बरे वाटते.

टारच्या जुन्या यूस्टार प्रकारात वेळ अकरा अष्टमान अंकांत लिहिली जाते आणि १६ मार्च २२४२पर्यंत पुरते, पण त्यात १९७०पूर्वीच्या तारखा आणि सेकंदाचे अपूर्णांक बसत नाहीत. म्हणून टार करताना पॉझिक्स फॉरमॅट स्पष्टपणे मागावा आणि एसीएल, एक्सअ‍ॅट्र व एसइलिनक्सचे पर्यायही द्यावेत.

एनएफएसवर बॅकअप जात असेल, तर एनएफएसस्टॅट मायनस एमने आवृत्ती पाहावी. तिसऱ्या आवृत्तीत सेकंदांसाठी चिन्हरहित ३२ बिट आहेत: सुरुवात १९७०ला आणि शेवट ७ फेब्रुवारी २१०६ला. चौथ्या आवृत्तीत ६४ बिट आहेत. मात्र सर्व्हरवरच्या डिस्कची स्वतःची सीमा दोन्ही वेळा लागूच राहते; साखळीतील सर्वात आखूड कडी हीच संपूर्ण वाटेची सीमा.

तपासणी: तालमीतील तारखांचा संच बॅकअपच्या वाटेने नेऊन परत आणावा आणि आधीच्या व नंतरच्या स्टॅटच्या याद्या डिफने ताडाव्यात. फरक शून्य येईपर्यंत पुढे जाऊ नये.

## टप्पा ६: ईएक्सटी४चा आयनोड मोठा करणे

ट्यून२एफएसला कॅपिटल आय पर्यायाने २५६ देऊन आयनोड जागच्या जागी मोठा करता येतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो दिला जातो तितका उपयोगी नाही. फाइलसिस्टिमवर फ्लेक्स-बीजी हे फीचर असेल तर ट्यून२एफएस हा बदल नाकारते, आणि ईएक्सटी४ म्हणून बनवलेल्या जवळजवळ प्रत्येक डिस्कवर ते असतेच. जुन्या ईएक्सटी३मधून चढवलेल्या डिस्कवर ते नसू शकते. तिथे अनमाउंट करून, ई२एफएससीके मायनस एफ चालवून, मग हा बदल करता येईल. सगळे आयनोड तक्ते हलत असल्याने मध्येच वीज गेली तर डिस्क वाचेलच असे नाही. यूपीएस नसलेल्या यंत्रावर मी हे करत नाही.

बाकी सर्वांसाठी पुन्हा फॉरमॅट करणे हाच मार्ग आहे. बूट पार्टिशनसाठी क्रम असा:

१. ट्यून२एफएस मायनस एलचा संपूर्ण निकाल जतन करावा. यूयूआयडी, लेबल आणि फीचरची यादी त्यातूनच मिळेल.
२. ईएफआय पार्टिशन बूटच्या आत माउंट असेल तर ते आधी काढावे. ते फॅट आहे आणि त्याला हात लावायचा नाही.
३. बूटमधील सर्व फाइलींचा पॉझिक्स टार घ्यावा, तो दुसऱ्या डिस्कवर ठेवावा आणि उघडून पाहावा.
४. बूट अनमाउंट करावे. चालू कर्नल मेमरीत असल्याने यंत्र चालूच राहते.
५. एमकेएफएस ईएक्सटी४ चालवताना आयनोड आकार २५६, जुनाच यूयूआयडी आणि जुनेच लेबल द्यावे. यूयूआयडी तोच ठेवल्याने एफएसटॅब आणि बूटलोडर दोन्ही पार्टिशन ओळखतात.
६. माउंट करून टार उलगडावा, मग ईएफआय माउंट करावे, आणि एसइलिनक्स असल्यास रीस्टोअरकॉन चालवावे.
७. बायोस पद्धतीच्या यंत्रावर ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा; दोन्ही प्रकारांत त्याची कॉन्फिग नव्याने तयार करावी.

इशारा: चौथ्या आणि सातव्या पायरीच्या दरम्यान यंत्र कोणत्याही कारणाने रीस्टार्ट करू नये, तेवढ्या वेळात ते स्वतःहून बूट होऊ शकत नाही. आपोआप अपडेट होणारी सेवा त्या काळापुरती थांबवावी, कारण ती नेमकी त्याच वेळी नवा कर्नल रिकाम्या बूटमध्ये लिहू शकते.

दुसरा इशारा: रेस्क्यू पेनड्राइव्हवरून फॉरमॅट केल्यास त्यातले नवे एमकेई२एफएस जास्तीची फीचर लावू शकते. ई२एफएसप्रॉग्ज १.४७.०पासून ऑर्फन-फाइल आणि मेटाडेटा-सीसम-सीड ही दोन फीचर मुळातच चालू आहेत, आणि जुन्या ग्रबला अशी फाइलसिस्टिम वाचता येत नाही. पहिल्या पायरीत जतन केलेल्या यादीत जे फीचर नव्हते ते फॉरमॅट करतानाच बंद करावे.

## टप्पा ७: एक्सएफएसवर बिगटाइम चालू करणे

हे काम तुलनेने सोपे आहे. मात्र परतीची वाट नाही, त्यामुळे पूर्वतयारीच महत्त्वाची. कर्नल ५.१० किंवा नंतरचा हवा, फॉरमॅट पाचव्या आवृत्तीचा हवा, आणि ही डिस्क जिथे जिथे जोडली जाऊ शकते तिथला कर्नलही तितकाच नवा हवा. जुना कर्नल आणि जुना ग्रब अशी डिस्क उघडण्यास नकार देतात. एका ठिकाणी सर्व्हरवर बदल नीट झाला होता, पण चार महिन्यांनी यंत्र बिघडले तेव्हा कपाटातला रेस्क्यू पेनड्राइव्ह त्या डिस्कला ओळखेना. डेटा शाबूत होता, तरी रात्र घाबरण्यात गेली. सुरुवातीला पेनड्राइव्हची अट घातली ती यासाठी.

क्रम: अनमाउंट करावे. एक्सएफएस रिपेअर मायनस एनने काहीही न बदलता तपासावे. दोष निघाल्यास आधी ते दुरुस्त करावेत. मग एक्सएफएस ॲडमिनला कॅपिटल ओ पर्यायाने बिगटाइम बरोबर १ द्यावे. माउंट करून एक्सएफएस इन्फोमध्ये १ दिसते का ते पाहावे. रूट डिस्क असेल तर हे सारे रेस्क्यू वातावरणातून करावे. जुने आयनोड लगेच बदलत नाहीत. ते पुढच्या लेखनाच्या वेळी नव्या पद्धतीने लिहिले जातात आणि तोवर जुन्या पद्धतीनेच नीट वाचले जातात, त्यामुळे सगळ्या फाइलींवर टच फिरवण्याची गरज नाही. तसे केले तर उलट खऱ्या तारखाच पुसल्या जातील.

चौथ्या आवृत्तीच्या फॉरमॅटला बॅकअप, नवे फॉरमॅट आणि पुनःस्थापना यांखेरीज पर्याय नाही.

## टप्पा ८: पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डे

इथे सीमा वाढवता येत नाही, फक्त सांभाळावी लागते. फॅटवर बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पायरीने आणि स्थानिक वेळेत लिहिली जाते. म्हणून आरसिंकला मॉडिफाय-विंडो १ द्यावे. नाहीतर विषम सेकंदाची प्रत्येक फाइल बदललेली दिसते. सर्व फाइलींत नेमका १९,८०० सेकंदांचा फरक दिसत असेल, तर तो साडेपाच तासांचा स्थानिक वेळेचा घोळ आहे. माउंट करताना टीझेड किंवा टाइम-ऑफसेट पर्याय योग्य दिल्यास तो मिटतो. एक्सफॅट यूटीसीपासूनचा फरक पंधरा मिनिटांच्या एककात सोबत लिहिते, त्यामुळे तिथे हा घोळ कमी होतो.

१९८०पूर्वीची तारीख महत्त्वाची असेल तर फाइल पेनड्राइव्हवर सुटी नेऊ नये. टारमध्ये घालून न्यावी.

## टप्पा ९: बदलानंतरची पडताळणी

टप्पा ४मधील तारखांचा संच आता खऱ्या डिस्कवरील एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार करावा आणि त्यात ईएक्सटी४साठी १० मे २४४६, २२:३८:५५ व त्यापुढचा एक सेकंद अशा दोन तारखा मिळवाव्यात. अनमाउंट, माउंट, वाचन हाच क्रम. ०३:१४:०८ जशीच्या तशी परत आली पाहिजे. २४४६ची दुसरी तारीख पहिलीवर येऊन थांबली पाहिजे. आणि १९०१च्या आधीची तारीख अजूनही सीमेवरच येईल, कारण ती सीमा या बदलाने हललेली नाही. मग कर्नल लॉगमधील सूचना गेली आहे का ते पाहावे आणि टप्पा ३मधील यादीनुसार मूळ तारखा लावाव्यात. तात्पुरते फोल्डर पुसायला विसरू नये. २४४६ची फाइल बॅकअपच्या स्क्रिप्टला पुढे छळत राहते.

३२ बिटांचे जुने प्रोग्राम यंत्रावर असतील, तर त्यांनाही हा संच एकदा वाचायला द्यावा. डिस्कवर आता मोठी तारीख बसते, पण जुन्या प्रोग्रामच्या वेळेच्या चलात ती मावत नाही, आणि फाइल उघडण्याआधीच ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप’ ही चूक येते. असे प्रोग्राम जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) २.३४ किंवा नंतरच्या आवृत्तीवर ६४ बिटांच्या वेळेसह पुन्हा कंपाइल करावे लागतात. स्रोत उपलब्ध नसेल तर ते कोणत्या फोल्डरला हात लावतात याची नोंद करून ठेवावी.

शेवटी व्हर्च्युअल मशीनचे टेम्पलेट आणि प्रतिमा तपासाव्यात. २०१८मध्ये बनवलेल्या टेम्पलेटवरून आज काढलेले यंत्र १२८ बाइटांच्या आयनोडचे तेच बूट पार्टिशन घेऊन जन्माला येते, आणि सर्व सर्व्हर दुरुस्त केल्यानंतर सहा महिन्यांनी लॉगमध्ये २०३८ची सूचना पुन्हा दिसली, तर ती बहुधा तिथूनच आलेली असते. टेम्पलेट बदलेपर्यंत यादीतले काम अपुरे समजावे.